मराठी कलाविष्कारातील निळा रंग : दूरचा आणि जवळचा

प्रस्तावना

रंगांच्या अर्थाविषयी मराठी समीक्षेत आणि अध्यापनात एक सोयीची सवय रूढ झालेली दिसते. तांबडा म्हणजे क्रोध वा क्रांती, पांढरा म्हणजे शुचिता, हिरवा म्हणजे सुफलता आणि निळा म्हणजे शांतता, अथांगता, अनंतता, अशी कोष्टके कवितेच्या आस्वादाला जोडली जातात. उत्तरपत्रिकेत गुण मिळविण्यापुरती ती उपयोगी पडत असतीलही. परंतु कलाकृतीत रंग नेमके काय कार्य करतो, हे त्यांतून उलगडत नाही. निळ्या रंगाच्या बाबतीत तर महाराष्ट्रात हे कोष्टक उघडपणे अपुरे ठरते. गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव वा त्या परिसरातील एखाद्या खेड्यातून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी 'निळा' हा शब्द ऐकतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर आकाशच उभे राहील असे नाही. एखाद्याला देवघरातील कृष्णाची तसबीर आठवेल, एखाद्याला १४ एप्रिलच्या मिरवणुकीतील ध्वज आठवेल. दोघे एकाच बाकावर बसलेले असतात आणि अध्यापक दोघांनाही 'निळा म्हणजे शांतता' असे सांगून पुढील कडव्याकडे वळतो.

रंग ही केवळ डोळ्यांची नव्हे तर समाजाची घटना आहे, हा विचार फ्रेंच इतिहासकार मिशेल पास्तूरो यांनी निळ्या रंगाच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात (२०००) विस्ताराने मांडला. प्राचीन युरोपात गौण असलेला निळा बाराव्या शतकापासून मेरीच्या वस्त्राचा आणि पुढे राजवस्त्राचा रंग झाला, म्हणजे प्रतिष्ठा समाजाने दिली, रंगद्रव्याने नव्हे. याउलट कांडिन्स्की यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कलेतील आत्मिकतेविषयीच्या पुस्तकात निळ्याला अंतर्मुखतेचा, माणसाला अनंताकडे ओढणारा रंग मानले. मराठीतील कोष्टके कळत नकळत कांडिन्स्कीच्या बाजूची आहेत. प्रस्तुत लेखात मराठी कलाविष्कारातील निळ्याच्या दोन परंपरांचा विचार केला आहे. एक परंपरा दूरत्वाची आहे, दुसरी जवळिकीची. समीक्षेने या दोन परंपरा वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्या आणि त्यामुळे दोहोंचेही वाचन अपुरे राहिले, असे येथे प्रतिपादन आहे.

शब्द आणि शास्त्र

'नील' हा शब्द मुळातच स्थिर नाही. अमरकोशात कृष्ण, नील, असित, श्याम, काल, श्यामल आणि मेचक हे शब्द एकाच ओळीत पर्याय म्हणून येतात. कोशकाराच्या दृष्टीने काळा, निळा आणि सावळा यांत भेद करण्याचे कारण नव्हते. नाट्यशास्त्रात मात्र हा भेद काटेकोरपणे केलेला आढळतो. भरताने रसांना वर्ण नेमून देताना शृंगाराला श्याम, भयानकाला कृष्ण आणि बीभत्साला नील हा वर्ण दिला. शृंगाराची देवता विष्णू, बीभत्साची महाकाल. म्हणजे आज ज्या रंगाला आपण शांततेचा रंग म्हणतो, तो भारतीय नाट्यविचारात किळस, जुगुप्सा आणि विटाळ यांच्या अनुभवाचा रंग होता.

मराठी बोलीने ही जुनी जाणीव पूर्णपणे सोडलेली नाही. मार खाल्लेले अंग 'काळेनिळे' पडते. विष चढलेले शरीर निळे पडते. हा निळा आकाशाचा नव्हे, त्वचेखाली साकळलेल्या रक्ताचा आहे. दुसरीकडे घरोघरी 'नीळ' हा शब्द पांढरे कपडे अधिक पांढरे दिसावेत म्हणून शेवटच्या पाण्यात टाकण्याच्या द्रव्यासाठी वापरला जातो. भिंतींना चुना देतानाही त्यात चिमूटभर नीळ मिसळतात. निळ्याने स्वतः नाहीसे होऊन दुसऱ्याला उजळ करावे, ही त्याची घरगुती चाकरी. नीळ या पिकाच्या सक्तीचा इतिहास दीनबंधू मित्र यांच्या 'नीलदर्पण' (१८६०) या बंगाली नाटकात आणि १९१७ च्या चंपारण सत्याग्रहात नोंदलेला आहे. जर्मनीतील कृत्रिम नीळ १८९७ मध्ये बाजारात आली आणि शेतातली नीळ मागे पडू लागली. शब्द मात्र राहिला.

दूरचा निळा

मराठवाड्याच्या भूमीवर निळ्याचा सर्वांत जुना आणि वैभवशाली आविष्कार अजिंठ्यात आहे. तेथील गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना आणि काजळी ही रंगद्रव्ये परिसरात वा सहज मिळणारी होती. निळा तेवढा परका. तो लाजवर्द या दगडापासून केलेला आहे आणि हा दगड आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून व्यापारी मार्गाने येत असे. पाचव्या शतकात, वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळात खोदल्या गेलेल्या लेण्यांतील चित्रांत तो ठळकपणे दिसतो. ज्या रंगाला इतके अंतर चालून यावे लागले, तो चित्रकाराने जपून वापरला यात नवल नाही. दूरत्व हा या निळ्याचा प्रतीकार्थ होण्याआधी त्याच्या मालाचा, किमतीचा आणि मार्गाचा भाग होता, एवढी नोंद येथे पुरेशी आहे.

भक्तिकाव्यात निळा अधिक गहिरा होतो. ज्ञानेश्वरांच्या नावावरील गाथेत काही अभंग असे आहेत की त्यांत निळ्यावाचून दुसरे काही उरतच नाही. पाहणारी, पाहिला जाणारा आणि पाहण्याची जागा ही तिन्ही एकाच वर्णात विरून जातात. येथे निळा हे विशेषण राहत नाही, ते क्रियापदासारखे वागते. सीमा पुसण्याचे काम ते करते. अमरकोशातील श्याम आणि नील यांची सरमिसळ येथे कवीच्या कामी आलेली आहे. भरताच्या श्याम शृंगाराला नील या शब्दात वावरता येते आणि विरहिणीची व्याकुळता अद्वैताच्या अनुभवापर्यंत जाते. पुढे रविवर्म्याच्या शिळाप्रेसमधून (१८९४ पासून, प्रथम मुंबईत) छापील देवचित्रे घरोघर पोहोचली आणि कॅलेंडरांनी हा निळा डोळ्यांना इतका सरावाचा केला की सावळ्या कृष्णाचा आकाशी कृष्ण कधी झाला, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. अभंगांतील निळा सीमा पुसत होता; कॅलेंडरातील निळ्याला बारीक सोनेरी रेघेची सीमा मिळाली.

याच परंपरेत एक स्वर वेगळा आहे आणि तो राणीसावरगावाच्या अगदी शेजारचा आहे. संत जनाबाईंचे गाव गोदाकाठचे गंगाखेड. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबलेल्या जनाबाईंच्या अभंगांत विठ्ठल दळतो, कांडतो, शेणी वेचायला सोबत येतो, केर काढतो. हा सावळा क्षितिजावर नाही. तो जात्याच्या दुसऱ्या खुंट्याला हात घालून बसलेला आहे. त्याचा वर्ण आकाशाशी नव्हे, तर श्रमाने रापलेल्या अंगाशी मिळताजुळता वाटतो. ज्ञानेश्वरांच्या निळ्यात भक्त विरघळते. जनाबाईंच्या सावळ्याने मात्र पीठ सांडू नये याची काळजी घ्यायची असते. भक्तिकाव्यातील रंगांविषयी लिहिताना हे अंतर सहसा नोंदले जात नाही, कारण दोघांनाही 'सगुणभक्ती' या एकाच शीर्षकाखाली शिकविले जाते.

आधुनिक कवितेत दूरच्या निळ्याचा परिपाक बालकवींच्या (१८९०–१९१८) 'औदुंबर' या आठ ओळींच्या कवितेत झाला. तिच्यातील झऱ्यासाठी त्यांनी योजलेला 'निळासावळा' हा समास मराठीच्या कानात कायमचा बसला. या कवितेवर मराठीत विपुल लिहिले गेले असले तरी रंगांच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कविता हिरव्या-निळ्यापासून सुरू होते आणि शेवटाकडे पाण्यावर काळेपणा पसरतो. निळ्यात जो सावळेपणा आधीच दडलेला होता तो ओळीओळीने वर येतो. बाहेरून काही येत नाही. जी. ए. कुलकर्णी यांनी आपल्या पहिल्या कथासंग्रहाला 'निळासावळा' (१९५९) हेच नाव दिले, तेव्हा त्यांनी बालकवींकडून सौंदर्य उसने घेतले नाही, तर त्या समासाचा दुसरा अर्धा भाग घेतला. त्यांच्या माणसांच्या वाट्याला येणारा निळा हा नियतीच्या सावलीचा आहे.

चित्रकलेत याच प्रदेशाचे टोक म्हणजे वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१). नागपुरात जन्मलेल्या या चित्रकाराच्या निळ्या कॅनव्हासवर ना वस्तू, ना क्षितिज; रंगाचे थर, ते खरवडून काढल्याच्या खुणा आणि प्रकाश. २०२१ मध्ये त्यांच्या १९६१ सालच्या एका निळ्या चित्राला लिलावात सुमारे ४० कोटी रुपये मिळाले. मौनाला एवढा भाव मिळावा, हा विरोधाभास चित्रकाराने निर्माण केलेला नाही. तरीही दूरच्या निळ्याचा दूरपणा पुन्हा एकदा किमतीत मोजला गेला, हे अजिंठ्याच्या लाजवर्दाची आठवण करून देणारे आहे.

जवळचा निळा

आंबेडकरी चळवळीतील निळा या सर्वांहून निराळ्या मार्गाने आला. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा ध्वज निळा होता आणि १९५७ च्या रिपब्लिकन पक्षाने निळा पुढे चालू ठेवला. म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेपूर्वीच हा रंग राजकीय संघटनेचा झालेला होता. बौद्ध पंचरंगी ध्वजातील निळ्याशी त्याचे नाते पुढे जुळले. उगम तेथे शोधणे कालक्रमाला धरून नाही. आभाळ सर्वांवर सारखे असते म्हणून समतेचा रंग निळा, हे स्पष्टीकरण लोकांत प्रचलित आहे. ते सुंदर आहे, आणि कवितेच्या दृष्टीने महत्त्वाचेही. कारण त्यात दूरच्या निळ्याचे आकाश उचलून वस्तीच्या खांबावर आणून लावले आहे.

हा निळा समाजात कसा रुजला याचा विचार करताना पुतळ्यांकडे पाहावे लागते, आणि कलासमीक्षेने ते जवळजवळ टाळलेले आहे. डॉ. आंबेडकरांची बहुतेक प्रसिद्ध छायाचित्रे कृष्णधवल आहेत. त्यांतून कोटाचा रंग कळत नाही. गावोगावच्या पुतळ्यांवरील, भिंतींवरील आणि तसबिरींतील निळा कोट हा अनामिक मूर्तिकारांचा, रंगाऱ्यांचा आणि छापखान्यांचा कलानिर्णय आहे. एका ऐतिहासिक व्यक्तीचे रंगरूप लोकांनी ठरविले आणि ते इतके पक्के झाले की आता दुसऱ्या रंगाच्या कोटातील बाबासाहेब ओळखीचे वाटत नाहीत. शिल्पाचे प्रमाण, चेहऱ्याची ठेवण यांत अनेकदा उणिवा असतात. त्या दाखविणे सोपे आहे. मात्र अजिंठ्यातील अनामिक चित्रकाराला जो आदर मिळतो त्याचा काही अंश या अनामिकाला का मिळू नये, याचे समाधानकारक उत्तर कलासमीक्षेने दिलेले नाही.

भीमगीतांतही हीच जवळीक दिसते. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यापासून आजच्या गायकांपर्यंत ही गीते वस्तूंनी भरलेली आहेत, आणि त्यांत निळा येतो तो झेंडा, टोपी, फेटा, पताका यांना चिकटून. तो हाताळता येतो, डोक्याला बांधता येतो. जयंतीच्या मिरवणुकीत उधळली जाणारी भुकटी 'निळा गुलाल' या नावाने ओळखली जाते. गुलाल हा शब्दच लालीचा निर्देश करतो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने 'निळा गुलाल' ही विसंगती आहे. पण विसंगतीतच त्याचे सामर्थ्य आहे. उत्सव आणि विजय यांचे जे चिन्ह इतरांच्या अंगणात लाल होते, ते स्वतःच्या रंगात करून घेतले, ही घटना एका विशेषणाने नोंदली. वारीत कपाळी काळा बुक्का लागतो, जयंतीत गाली निळ लागते. दोन्ही ठिकाणी रंग पाहण्याचा नसून लावून घेण्याचा आहे. जनाबाईंच्या सावळ्याची जवळीक येथे आठवावी. हा वारसा आहे असे म्हणता येणार नाही, पण साम्य नाकारताही येत नाही.

दलित कवितेच्या पहिल्या पिढीत निळा तुलनेने मागे आहे. तेथे सूर्य, आग, अंधार, रक्त यांचे प्राबल्य आढळते. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा' (१९७२) मध्ये कामाठीपुऱ्याच्या परिसरातील घाण, रोग आणि भूक यांना जो शब्द मिळाला, त्याने तत्कालीन अभिरुचीला धक्का बसला; विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झालेला हा संग्रह अनेकांना वाचवेना. येथे भरताकडे परत जाणे उद्बोधक ठरते. बीभत्साचा वर्ण नील. ज्यांना समाजाने विटाळाच्या जागी ठेवले, त्यांच्या कवितेने बीभत्स रस मराठीत प्रथमच इतक्या प्रखरतेने आणला आणि त्यांच्याच चळवळीचा ध्वज निळा आहे. हा योगायोग आहे. फेडरेशनचा ध्वज नाट्यशास्त्र पाहून ठरलेला नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. परंतु अन्वयार्थासाठी योगायोगही उपयोगी असतो. रसव्यवस्थेत जुगुप्सा निर्माण करणारी वस्तू प्रेक्षकासमोर असते. ती स्वतः प्रेक्षक नसते. 'गोलपिठा'त ती वस्तूच बोलू लागते, आणि किळस कोणाला कोणाची वाटावी हा प्रश्न उलटा फिरतो. शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या ग्रंथात प्रस्थापित सौंदर्यकल्पनांना जे आव्हान दिले, त्याला रंगांच्या बाजूने अशी एक पुष्टी मिळू शकते. काळेनिळे पडलेले अंग आणि निळा ध्वज यांच्यामध्ये एक सरळ रेषा आहे, ती पाहण्यास शास्त्राची गरज नाही. १९७८ च्या नामांतराच्या काळात मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर झालेल्या हल्ल्यांनंतर तर ती मुळीच नाही.

या रंगाच्या मोलाचा एक हृदयविदारक पुरावा आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' (२०११) या माहितीपटात आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. डाव्या चळवळीत गाणाऱ्या या शाहिराने अखेरच्या क्षणी कपाळाला निळी पट्टी बांधली होती. लाल की निळा या वादाची पुस्तकी चर्चा मराठीत पुष्कळ झाली. त्या पट्टीने जे विचारले त्यापुढे ती चर्चा फिकी वाटते. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) मध्ये डुक्कर वाहून नेणाऱ्या कुटुंबाच्या मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई यांची चित्रे येतात, तेव्हा भिंत आणि खांदा यांतील अंतर प्रेक्षकाला सोसवत नाही. चित्र जवळ आहे, आशय अजून दूर आहे.

दोन निळ्यांची गाठ

मराठी समीक्षेत या दोन परंपरांची गाठ घालण्याचा प्रयत्न मुख्यतः रा. ग. जाधव यांच्याकडून झाला. मराठी विश्वकोशात दीर्घकाळ काम केलेल्या आणि २००४ मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविलेल्या या समीक्षकाने दलित साहित्यावरील आपल्या ग्रंथांना 'निळी पहाट', 'निळी क्षितिजे' आणि 'निळे पाणी' अशी नावे दिली. प्रस्थापित समीक्षा संभ्रमात असताना त्यांनी दाखविलेली आस्था मोलाची आहे. 'अस्मितादर्श'मधून गंगाधर पानतावणे यांनी जो लेखकवर्ग घडविला, त्याला बाहेरून मिळालेले हे एक समंजस उत्तर होते. मात्र शीर्षकांचा रंगांच्या दृष्टीने विचार केल्यास एक ताण जाणवतो. पहाट आणि क्षितिज हे शब्द बालकवींच्या घराण्यातले आहेत. त्यांच्या शेजारी निळा बसला की तो पुन्हा दूर जातो, मवाळ होतो. ध्वजाचा निळा क्षितिजावर नेऊन ठेवणे म्हणजे त्याला काव्यात्म प्रतिष्ठा देणे. पण काव्यात्म प्रतिष्ठेचे निकष मात्र जुनेच राहतात. आस्थेने केलेल्या स्वागतातही रंगाचा धारदारपणा कमी होऊ शकतो, हे येथे दिसते.

'निळे पाणी' हे शीर्षक मात्र वेगळे आहे. ग्रंथातील विवेचन बाजूला ठेवून केवळ या दोन शब्दांकडे पाहिले तरी त्यांत दोन्ही परंपरा एकमेकींना अडवून उभ्या असल्याचे दिसते. 'औदुंबर'च्या परंपरेत निळे पाणी हे पाहण्याचे असते; ते जितके अस्पर्श तितके सुंदर. दुसऱ्या परंपरेत पाणी म्हणजे २० मार्च १९२७ चे महाडचे चवदार तळे, आणि तेथे अस्पर्श राहण्याविरुद्धच सत्याग्रह झाला होता. बालकवींच्या कवितेत टेकडीपलीकडे चार घरांचे एक चिमुकले गाव आहे, आणि एक पायवाट काळ्या डोहाकडे जाते. त्या गावातील कोणत्या घराने झऱ्यावर घागर बुडवावी आणि कोणत्या घराने पाणवठ्यापासून दूर उभे राहून वाट पाहावी, हे कवितेत नाही. कवितेत ते असायलाच हवे होते असा आग्रह धरणे अरसिकपणाचे ठरेल. पण जनाबाईंच्या गंगाखेडजवळच्या वर्गात ही कविता शिकविताना बाकावरच्या एखाद्या विद्यार्थ्याने तो प्रश्न विचारला, तर तो कवितेबाहेरचा ठरविता येणार नाही.